बाळंतिणीचा ताप ‘दुधाचा’ म्हणून घरी ठेवू नका : बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या घरांसाठी

सिस्टर_खानापूर

खानापूर तालुक्यात एएनएम (उपकेंद्रातली नर्स) म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आपल्या सीमाभागातल्या घरांसाठी एक गोष्ट लिहायची फार दिवस मनात होती.

बाळंतपण आता बहुतेक सगळ्यांचं दवाखान्यात होतं. त्या दिवशी सगळं घर जागं असतं. गाडी तयार असते, पैसे काढून ठेवलेले असतात, पाहुण्यांचे फोन चालू असतात. नॉर्मल असेल तर ४८ तासांनी, सिझर असेल तर साधारण आठवड्याने बाई घरी येते, आणि मग सगळं लक्ष बाळाकडे जातं. गर्भपिशवीला, टाक्यांना, लघवीच्या मार्गाला जंतूंची लागण होते ती मात्र पुष्कळदा घरी आल्यावरच वर येते. बहुतेक वेळा पहिल्या दहा दिवसांत. म्हणजे नेमकं पाचवी, बारसं, पाहुणे, आहेर यांच्या गडबडीत.

अंग तापलं तर आपल्याकडे उत्तरं तयार असतात. दूध उतरतंय, त्याचा ताप. वारं लागलं. रात्री बाळ झोपू देत नाही म्हणून अंग कसकसतंय. मग तापाची एक गोळी, ताप उतरतो, रात्री परत चढतो, परत गोळी. असे दोन-तीन दिवस जातात आणि तेवढ्यात लागण रक्तात पोचू शकते. एकदा तिथवर गेलं की हातात दिवस राहत नाहीत, तास राहतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत अंग गरम लागलं तर हात लावून अंदाज बांधू नका, थर्मामीटर लावा. १००.४ किंवा त्याच्यावर आकडा दिसला की त्याच दिवशी दवाखाना. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही, बारसं उरकून तर नाहीच.

तापाबरोबर आणखी काय बघायचं तेही सांगते. हुडहुडी भरून थंडी वाजणं. ओटीपोट दुखणं, आणि ते रोज कमी होण्याऐवजी वाढत जाणं. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येणं. टाक्यांच्या जागी लाली, सूज, पू, किंवा टाका उसवणं. लघवीला जळजळ, पाठीत बरगड्यांच्या खाली दुखणं. एका बाजूचं स्तन लाल, कडक, गरम होणं. आणि ज्याची मला सगळ्यात भीती वाटते ते म्हणजे बाई सुस्त पडणं, धाप लागणं, छाती धडधडणं, लघवी कमी होणं, बोलताना गोंधळणं. यातलं काही दिसलं तर ताप मोजत बसायचीही गरज नाही, थेट गाडी बोलवा.

ही यादी बाळंतिणीला पाठ करायला लावू नका. ती अंथरुणावर असते, झोप झालेली नसते, आणि ‘मला बरं वाटत नाही’ म्हणायलाही आपल्या पोरी लाजतात. हे सासू, आई, नवरा, नणंद यांना ठाऊक असायला हवं.

तिलारी_काठ

सिस्टर, बरं झालं लिहिलं. मी चंदगडचा, बायकोचं माहेर खानापूरकडं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती तिकडंच असणार, दाखवणं बेळगावात चालू आहे. दोन शंका आहेत. १०० च्या आत, म्हणजे ९९.५ वगैरे आला तर काय करायचं? आणि दूध उतरताना ताप येतोच असं आमच्यात सगळी म्हणत्यात, ते सगळं खोटं काय?

डॉ_टिळकवाडी

मी स्त्रीरोग विभागात काम करते, म्हणून याचं उत्तर देते.

दूध उतरताना अंग तापू शकतं, ते खोटं नाही. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दोन्ही स्तनं जड होतात, दगडासारखी लागतात, अंग थोडं कोमट होतं. बाळाला वरचेवर पाजलं की बहुधा एका दिवसात ते उतरतं. अडचण अशी की गर्भपिशवीच्या लागणीचा ताप सुरू होण्याचेही तेच दिवस असतात. नुसतं कपाळाला हात लावून कोणता ताप कशाचा हे मलाही सांगता येणार नाही. त्यासाठी पोट तपासावं लागतं, स्राव बघावा लागतो, रक्त-लघवी तपासावी लागते. म्हणून १००.४ च्या पुढचा ताप ‘दुधाचा’ आहे की नाही, हा निर्णय घरी घ्यायचा नाही.

९९.५ असेल आणि बाई हसत-बोलत असेल, खातपीत असेल, तर पाणी द्या, बाळाला पाजू द्या आणि चार तासांनी परत मोजा. आकडा वर सरकत असेल किंवा वर सिस्टरनी सांगितलेल्यापैकी एकही लक्षण असेल तर या.

गोळीबद्दल थोडं. सिझरनंतर दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा तशाच गोळ्या आम्हीच लिहून देतो, त्या घ्याव्यात. त्या गोळ्या ताप मात्र झाकतात. म्हणून ताप मोजायचा तो गोळी घेण्याआधी, आणि तारीख-वेळ घालून एखाद्या वहीत लिहायचा. दवाखान्यात आल्यावर ती वही आम्हाला फार उपयोगी पडते. ताप मुळीच नाही, खरं बाईला हुडहुडी भरतेय, नाडी पडल्यापडल्याही मिनिटाला ११० च्या वर, श्वास २५ च्या आसपास, असं असेल तरी ती आजारी आहे असंच धरा. लागण फार पुढे गेली की कधी कधी अंग उलटं गार पडतं. ९६.८ च्या खालचा आकडा ‘उतरला बघ ताप’ म्हणून सोडून देऊ नका.

शहापूरची_आत्ती

सिस्टर बाई, डॉक्टरीण बाई, तुमचं पटतंय. खरं आमच्या वेळी बाळंतिणीची खोली म्हणजे केवढं जपणं होतं. बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, दोन वेळा अंगाला तेल, डिंकाचा लाडू, आळिवाची खीर. सव्वा महिना बाईला उंबरा ओलांडू देत नव्हतो. आता दवाखान्यातनं आल्या आल्या पोरी मोबाइल घेऊन बसत्यात. आमचं ते सगळं चुकीचं होतं असं म्हणायचंय काय?

सिस्टर_खानापूर

आत्ती, सगळं चुकीचं कसं म्हणेन? सव्वा महिना विश्रांती, ऊन ऊन जेवण, लाडू, खीर, कुणीतरी प्रेमानं अंग चोळून देणं, हे आजच्या पोरींना मिळालं तर त्यांचं नशीबच. त्या सव्वा महिन्यात कुणाचं तरी बारीक लक्ष असायचं, तेच आता कमी झालंय. मी मागतेय ते तुमचंच लक्ष.

खरं काही गोष्टी सोडाव्या लागतील, आणि का ते सांगते. टाक्यांवर शेक किंवा धुरी नको, तिथली कातडी नाजूक असते, भाजते आणि तिथूनच जंतू शिरतात. टाक्यांवर तेल, हळद, राख, कसलाच लेप नको. मायांगात कापडाची घडी किंवा औषधाची पुरचुंडी अजिबात ठेवायची नाही. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवायची नाही, त्या धुरात आई आणि बाळ दोघंही गुदमरतात. आणि शेक घेतल्या घेतल्या थर्मामीटर लावला तर आकडा भलताच येईल. अर्धा तास जाऊ द्या, मग लावा.

पाण्याचं तर मी भांडून सांगते. ‘बाळंतिणीला पाणी देऊ नको, पोट सुटतं’ म्हणून तहानलेली ठेवतात. सिझरला लघवीची नळी घातलेली असते, त्यानं आधीच लघवीत लागण व्हायची शक्यता वाढते. त्यात पाणी तोडलं तर जळजळ, थंडी-ताप हे यायचंच. कोमट द्या, उकळून गार केलेलं द्या, ओव्याचं द्या, पण पोटभर द्या.

निपाणीची_लेक

माझं सिझर झालं होतं. घरी आले तेव्हा टाके कोरडे होते. नंतर एका कडेला टणक लागायला लागलं, वरची कातडी लाल आणि गरम, मग पिवळसर पाणी यायला लागलं. जिथं सिझर झालं तिथं फोन केला. तिकडून ‘होतंय तसं, पावडर लावा’ असं सांगितलं. घरचे निर्धास्त झाले. सासूबाईंनी हळद लावली, त्यांचा हेतू चांगलाच होता. संध्याकाळी अंगात कापरं भरलं तेव्हा माझा भाऊ ऐकेना. त्याने गाडी काढली आणि दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथं दोन टाके सोडून आतला पू काढला, सलाइनमधून औषधं दिली, पुढे बरेच दिवस ड्रेसिंग चालू होतं.

माझं सगळ्या मुलींना हात जोडून सांगणं आहे की फोनवर विचारून गप्प बसू नका. फोनवर कुणाला पू दिसत नाही. जाऊन दाखवा. आणि आपल्याला स्वतःला तो टाका दिसतही नाही, पोट मध्ये येतं. मी नवऱ्याला रोज मोबाइलवर फोटो काढायला सांगितलं असतं तर कालच्यापेक्षा आज लाली किती पसरली हे तरी कळलं असतं.

डॉ_टिळकवाडी

फोटोची सूचना चांगली आहे, मीही पेशंटना सांगेन. सिझरच्या जखमेची लागण साधारण चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमाराला दिसायला लागते, म्हणजे नेमकं घरी सोडण्याच्या आसपास किंवा नंतर. नॉर्मल बाळंतपणातही खालच्या बाजूला टाके असतात आणि तिथं तर कुणी बघतच नाही. बसताना दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. ते वाढत असेल, ठणका लागत असेल, तर आरसा धरून बघा किंवा नर्सला दाखवा. यात लाज धरू नका.

कडोलीकर

एक प्रश्न आहे, कसा विचारावा कळत नव्हतं. अंगावरून जाणाऱ्याला वास तर असतोच ना? मग घाण वास कुठला आणि साधा कुठला, हे ओळखायचं कसं?

सिस्टर_खानापूर

चांगलं विचारलंत. हा प्रश्न बायका मनात ठेवतात आणि आठवडा घालवतात.

पहिले तीन-चार दिवस लालभडक जातं, पाळीपेक्षा थोडं जास्त. मग गुलाबी-तपकिरी होतं, दहाएक दिवसांनंतर पिवळसर पांढरं, आणि चार ते सहा आठवड्यांत थांबतं. वास पाळीच्या रक्तासारखाच असतो, जवळ गेल्याशिवाय येत नाही. कुजल्यासारखा, नाक मुरडायला लावणारा, खोलीत शिरताच जाणवणारा वास आला तर तो लागणीचा. रंग मागे फिरणंही बघा. तपकिरी झालेलं परत लालभडक व्हायला लागलं, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजायला लागला, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडायला लागल्या, तर वारेचा (प्लासेंटाचा) तुकडा आत राहिलेला असू शकतो. अशा तुकड्यामुळे रक्तही जातं आणि लागणही होते. हे घरी थांबत नाही.

आता कापडाबद्दल. आपल्याकडे खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात ऊन दिसत नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या धुतात आणि कुणाला दिसू नयेत म्हणून माडीवर, कपाटामागे, दुसऱ्या कपड्यांखाली वाळत टाकतात. त्या कधी वाळतच नाहीत, दमट राहतात, आणि तेच परत वापरलं जातं. पावसाळ्यात बाळंतपण असेल तर सहा आठवडे पॅडच वापरा, दर चार-सहा तासांनी बदला. कापडच वापरायचं असेल तर साबणानं धुऊन, चांगलं वाळवून, वरून कडक इस्त्री फिरवा. पॅड बदलण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा साबणानं हात. धुताना पुढून मागे, मागून पुढे नाही.

हलशीची_वाट

मला जरा वेगळं म्हणायचं आहे. पूर्वी सुईणी घरी बाळंतपण करायच्या. आता दवाखान्यात जातात आणि टाके, पू, लागण. जंतू दवाखान्यातूनच येतात असं वाटतं. मग घरीच काय वाईट होतं?

सिस्टर_खानापूर

दादा, मी सुईणींबरोबर काम केलंय. त्यांच्या हाताला गुण होता हे खरं. खरं त्या काळी किती बायका सुवेर न फिटताच गेल्या, ते जुन्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. लोक ‘बाळंतरोगानं गेली’ म्हणून सोडून द्यायचे. आपल्या प्रत्येक वाड्यात तसं एखादं नाव सापडेल.

डॉ_टिळकवाडी

प्रश्न रास्त आहे, उगाच झटकून टाकण्यासारखा नाही. दवाखान्यातूनही लागण होते. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका मोठ्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून थेट बाळंतपणाला येणाऱ्या डॉक्टरांच्या वॉर्डात बायका जास्त मरतात आणि सुईणींच्या वॉर्डात कमी. त्याने क्लोरिनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं आणि मृत्यू झपाट्यानं घटले. त्या वेळी त्याचं फार कुणी ऐकलं नाही. म्हणून आजही नर्स किंवा डॉक्टर हात न धुता, हातमोजे न घालता तपासायला आले तर नम्रपणे विचारायचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी सांगते. पाणी फुटून बराच वेळ झाला तरी बाळंतपण न होणं, कळांमध्ये पुन्हा पुन्हा आतून तपासणी, वार हात घालून काढावी लागणं, सिझर. आणि बाईच्या अंगातलं रक्त कमी असणं, साखर असणं. यातल्या काही गोष्टी घरच्या बाळंतपणातही घडतात, आणि तिथं उपाय करायला कुणी नसतं. पाणी फुटल्यावर ‘कळा नाहीत अजून’ म्हणून घरी बसून राहू नका, हाही याच विषयातला भाग आहे.

आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट इथं सांगावीशी वाटते. नॉर्मल बाळंतपणाच्या वाटेवर असलेल्या बायकांना कळा चालू असताना अझिथ्रोमायसिन या जंतू मारणाऱ्या औषधाचा २ ग्रॅमचा एकच डोस दिला तर काय होतं, याचा मोठा अभ्यास सात देशांत झाला. त्यात २९,२७८ बायका होत्या, आणि भारतातली दोन केंद्रं होती नागपूर आणि आपलं बेळगाव. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना डोस दिला नव्हता त्यांच्यात गंभीर लागण किंवा मृत्यू २.४ टक्के, डोस दिलेल्यांत १.६ टक्के. म्हणजे हजारात २४ च्या जागी १६. फरक मुख्यतः लागण कमी झाल्यामुळे होता. आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी त्यात भाग घेतला म्हणून जगाला हे कळलं, याचा मला अभिमान वाटतो.

खरं आकडे नीट वाचा. डोस घेऊनही हजारात काही जणींना लागण झालीच. आणि ती गोळी मेडिकलमधून आणून घरी द्यायची नाही, ती डॉक्टरांनी बाळंतपणाच्या वेळी ठरवायची गोष्ट आहे. घरी आल्यावर राखण थर्मामीटर आणि घरच्यांचे डोळेच करणार.

आशाताई_जांबोटी

मी आशा म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस अशा सहा भेटी आम्ही देतो. बाळाचं वजन-ताप बघतो, आईलाही विचारतो. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे, ती कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

मुलगी दिलेली असते चंदगडला, आजऱ्याला, कागलला, नाहीतर गोव्यात सत्तरीकडं. पहिल्या बाळंतपणाला येते माहेरी. तिचं नाव नोंदलेलं असतं सासरच्या आशाकडं, तेही दुसऱ्या राज्यात. माहेरच्या आशाला ती आलीय हे कळतच नाही. बाळंतपण बेळगावला, कार्ड महाराष्ट्रातलं, बाई खानापूरच्या खेड्यात. मग तिसऱ्या दिवशी कोण जाणार आणि सातव्या दिवशी कोण? सासरची आशा म्हणते ती माहेरी गेली, माहेरची म्हणते माझ्या यादीत नाही. उलट दिशेनंही तसंच होतं, निपाणीची लेक कोल्हापूरला बाळंत होते आणि इकडं येते. नियमानं आम्ही कुणालाही नाही म्हणू शकत नाही, पण कळलं तरच जाणार ना. म्हणून माहेरी पाऊल टाकलं की त्याच आठवड्यात तिथल्या आशाला किंवा उपकेंद्रात सांगा. दोन्हीकडची कार्डं एका पिशवीत ठेवा.

आणखी एक. डिस्चार्जचा कागद कन्नड नाहीतर इंग्रजीत असतो. घरातल्या बाईला मराठीच वाचता येतं. दवाखान्यातून निघायच्या आधी नर्सला थांबवून विचारा की कुठली गोळी कशाची, परत कधी यायचं, काय झालं तर लगेच यायचं. आणि मराठीत लिहून घ्या.

तिलारी_काठ

आशाताई, हे अगदी आमच्याच घरचं लिहिलंय. कार्ड महाराष्ट्राचं आहे आणि ती आठव्या महिन्यात माहेरी जाणार. १०८ ला फोन केला तर कुठली गाडी येईल? आमच्या भागात टॉवर कधी इकडचा लागतो, कधी तिकडचा.

आशाताई_जांबोटी

१०८ दोन्ही राज्यांत आहे, पण दोन्हीकडची यंत्रणा वेगळी. फोन उचलला की पहिल्याच वाक्यात जिल्हा, तालुका, गाव सांगा. ‘बाळंतीण आहे, ताप आहे, थंडी वाजतेय, बेशुद्धीसारखं करतेय’ असं थोडक्यात. कन्नडच बोलणारं कुणी असलं तर ‘बाणंती’ आणि ‘ज्वर’ एवढं म्हटलं तरी समजतं. त्याच वेळी गावातल्या एखाद्या गाडीवाल्याचा नंबरही हाताशी असू द्या. आमगाव, गवाळीकडच्या जंगलातल्या गावांत पावसाळ्यात गाडी दारात येतच नाही, माणसांनी उचलून रस्त्यावर आणावं लागतं. तिथल्या घरांनी तर बाळंतपणाच्या आधीपासून आणि नंतरही काही दिवस खानापूरला किंवा बेळगावला एखाद्या नातेवाइकाकडं राहण्याची सोय बघावी. बाळंतपण झालं की लगेच डोंगरात परत नेऊ नका.

सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतरच्या दुखण्याचाही उपचार मोफत असतो, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ते येतं. ‘परत गेलो तर परत बिल’ या भीतीनं थांबलेली घरं मी बघितलीत.

शहापूरची_आत्ती

मला एक सांगायचंय, मनाला लागलेलं आहे. आमच्या ओळखीत एक सून बाळंतपणानंतर काहीबाही बोलायला लागली, बाळाकडं बघेना, डोळे लावून पडून राही. घरच्यांनी ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावला, देवऋषी बघितला. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की अंगात मोठा ताप होता आणि लागण सगळीकडं पसरली होती. पोरगी वाचली, देवाची कृपा. खरं ते दोन दिवस फुकट गेले.

डॉ_टिळकवाडी

आत्ती, तुम्ही सांगितलंत हे फार महत्त्वाचं आहे. लागण रक्तात पसरली की मेंदूला रक्त आणि प्राणवायू नीट पोचत नाही. बाई बरळते, वेळ-दिवस विसरते, चिडते किंवा नुसती पडून राहते. ताप आणि असं वागणं एकत्र आलं तर अर्धा तासही घालवायचा नाही. ताप नसताना असं झालं तरी तो बाळंतपणानंतरचा मनाचा गंभीर आजार असू शकतो, त्यालाही उपचार आहेत आणि त्यालाही दवाखानाच. देवाला नवस बोला, त्याला माझी ना नाही. गाडीत बसून बोला.

निपाणीची_लेक

स्तनाच्या गाठीबद्दल कुणीतरी लिहा ना. माझ्या वहिनीला एका बाजूला लाल चट्टा आलाय, ताप १०१. घरात सांगतायत की त्या बाजूचं दूध ‘खराब’ झालंय, बाळाला पाजू नको.

डॉ_टिळकवाडी

वहिनींना आजच दाखवा, १०१ आहे म्हणजे थांबायचं नाही. त्या बाजूनं पाजणं मात्र बंद करायचं नाही. दूध आत साठलं की दुखणं वाढतं आणि पू होऊ शकतो. त्या दुधानं बाळाला काही होत नाही. फार दुखत असेल तर आधी दुसऱ्या बाजूनं पाजा, मग या बाजूनं, किंवा हातानं काढा. जोरजोरात चोळू नका. औषधं पाजत असताना चालणारी देता येतात, तुम्ही पाजताय हे डॉक्टरांना सांगा. औषधानंही गाठ दोन दिवसांत मऊ झाली नाही तर सोनोग्राफी करून पू आहे का ते बघावं लागतं.

आणखी दोन गोष्टी इथंच लिहिते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळायचा नाही, तातडीनं यायचं. दुसरं म्हणजे सगळेच ताप बाळंतपणाचे नसतात. डेंग्यू, टायफॉइड बाळंतिणीलाही होतात. घाटाच्या बाजूला, सत्तरी आणि दोडामार्गात, माकडतापाचेही पेशंट निघालेले आहेत. म्हणून डॉक्टरांना गाव सांगा, घरात आणखी कुणी तापानं आजारी आहे का तेही सांगा.

कडोलीकर

आणि आई आजारी असली तर बाळाचं काय बघायचं?

आशाताई_जांबोटी

बाळ अंगावर ओढत नाही, रडणं क्षीण झालं, अंग गार किंवा गरम लागतंय, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जातेय, तळहात-तळपाय पिवळे, बेंबीभोवती लाली किंवा पू. यातलं एक जरी दिसलं तरी आईबरोबर बाळालाही घेऊन जा. बेंबीला तेल, हळद, राख, पावडर काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची.

तिलारी_काठ

बायकोची तारीख श्रावणात आहे. आधी काय काय करून ठेवू, एकदा सांगा. सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.

सिस्टर_खानापूर

आकडा दाखवणारा डिजिटल थर्मामीटर मेडिकलमधून आणा, दीड-दोनशे रुपयांत मिळतो. आत्ताच आणून स्वतःला लावून बघा, म्हणजे घाईच्या वेळी धांदल होणार नाही. घरी आल्यावर निदान पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून लिहायचं, त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत बरं वाटत नसेल तेव्हा. नवव्या महिन्याच्या आत हिमोग्लोबिन तपासून घ्या, कमी असेल तर लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन आत्ताच. रक्त कमी असलेल्या बाईला लागण झेपत नाही. पॅडची पाकिटं आधीच भरून ठेवा, पावसात दुकान गाठत बसावं लागू नये. रात्री-अपरात्री येईल अशा गाडीवाल्याशी बोलून ठेवा. आणि सासूबाईंना माझ्या वतीनं सांगा की बाळ बघायला येणाऱ्यांची वेळ ठरवा, आल्यावर हात धुवायला लावा. सर्दी, घसादुखी असलेल्याला खोलीत सोडू नका, घशातला एक जंतू बाळंतिणीला फार भराभर आजारी पाडतो.

तुम्ही चंदगडला असाल तर रोज संध्याकाळी फोन कराल तेव्हा बाळाच्या आधी तिचा आकडा विचारा.

आशाताई_जांबोटी

दादा, सासरवाडीच्या गावाचं नाव मला इथं निरोपातून कळवा. ते कुठल्या उपकेंद्रात येतं आणि तिथली आशा कोण, ते विचारून सांगते. वहिनी माहेरी यायच्या आत तिच्या यादीत नाव घालून घेऊ.